सात नंबरच्या खोलीचं म्हणणं

पौषातल्या त्या दुपारी यज्ञेश्वरपंतांनी स्वतःच्या हातानं अंगण झाडलं, तेव्हाच आश्रमातल्या म्हाताऱ्यांनी ओळखलं की आज कोणीतरी बडं माणूस येणार. एरवी पंत आणि खराटा यांची गाठभेट होत नसे.

आश्रम पाथर्डीपासून दोन कोसांवर, उघड्याबोडक्या माळावर होता. कुण्या दानशूर माणसानं यात्रेकरूंसाठी पत्र्याच्या बारा खोल्या ओळीनं बांधल्या होत्या. यात्रेकरू काही तिकडे फिरकले नाहीत, म्हणून ट्रस्टनं तिथं म्हातारी माणसं ठेवायला सुरुवात केली. दसरा झाला की त्या भागातली कुटुंबं ऊसतोडीला निघत. बैलगाडीत पोरं मावत, भांडी मावत, कोंबड्यासुद्धा मावत. म्हातारं माणूस तेवढं मावत नसे. ते इथं उतरवायचं आणि पावसाच्या तोंडावर न्यायला यायचं, असा रिवाज पडला होता. कुणाला न्यायला येत, कुणाला येत नसत. त्यात बहात्तरचा दुष्काळ पडला आणि न्यायला येणारे आणखीच कमी झाले.

पंत तिथले व्यवस्थापक. सगळी हयात कचेरीत कारकुनी केलेली, म्हणून म्हातारी मंडळी त्यांना भाऊसाहेब म्हणत. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. आश्रमाच्या कचेरीतच त्यांची खाट, ट्रंक आणि स्टोव्ह. पंत दुष्ट नव्हते, हे खरं. त्यांना फक्त जागचं उठायचा कंटाळा होता. पत्रा गळतोय म्हटलं की ‘बघू’, संडासाचं दार निखळलंय म्हटलं की ‘बघू’, रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरीत खडे लागतात म्हटलं तरी ‘बघू’. पाठीमागे म्हातारी माणसं काय बोलत, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तोंडावर बोलणारी एकच होती. सात नंबरची दगडाबाई. काठी टेकत रोज सकाळी कचेरीच्या दारात उभी राहायची आणि भाऊसाहेबांचा उद्धार करायची. जमीन उखणली, पत्रा वाजतो, टँकरचं पाणी आमच्या टोकापर्यंत येईस्तोवर संपतं, अशी तिची गाऱ्हाणी चहा संपला तरी संपत नसत. तिला खोकला होता, म्हणून तिच्या खोलीत दुसरं कोणी राहायला तयार नसे. एकटीच असायची.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी तिनं खोलीतून हाक मारली. पंतांनी ती ऐकली. पत्र्याचं असेल, सकाळी बघू, असं म्हणून त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. तिनं आणखी दोनदा हाक मारली. शेजारच्या खोलीतला पुंजाराम उठला, तर पंतांनीच त्याला कचेरीतून हात करून खाली बसवलं. रोजचंच आहे तिचं, म्हणाले. सकाळी दार ढकललं तर म्हातारी उंबऱ्याशी पडलेली. हात दाराकडे लांबवलेला होता.

तिच्या मुलाला साखर कारखान्यावर पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. दहाव्याला पुंजारामानं विधी केला आणि कोरड्या नदीच्या पात्रात दगडावर पिंड ठेवला. दुष्काळातले कावळे ते, उपाशीच. बाभळीवर वीस-पंचवीस बसले होते. पण एकही खाली उतरेना. सकाळचे अकरा वाजले, बारा वाजले. पायाखालची वाळू तापली. म्हाताऱ्यांनी आळीपाळीनं हात जोडून सांगून पाहिलं. लेक सुखरूप येईल, नातीचं लग्न होईल, गाय विकणार नाहीत. कावळे नुसते माना वाकड्या करून बघत राहिले.

शेवटी छबूबाई हळूच म्हणाली, “भाऊसाहेब, तुमीच बोला. तिचं गाऱ्हानं तुमच्यापाशी हुतं.”

सगळ्यांच्या नजरा पंतांकडे वळल्या. चुकलो म्हणावं, तर त्या संध्याकाळची हाक सगळ्यांच्या समोर कबूल केल्यासारखं होणार. आणि ट्रस्टची कमिटी पुढच्याच महिन्यात आश्रमाची पाहणी करायला येणार होती. असली गोष्ट तिच्या कानावर गेली तर नोकरी संपली, आणि नोकरीबरोबर खाटही. पण पंत कारकून होते. शब्द न देता शब्द दिल्यासारखं कसं लिहावं, हे त्यांना कचेरीनं शिकवलं होतं. ते पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, “दगडाबाई, कमिटी येणार आहे. तुम्हाला माझ्याबद्दल जे काय सांगायचं असेल ते कमिटीपुढं सांगा. मी आडवा येणार नाही.”

मेलेलं माणूस काय सांगणार, असा त्यातला हिशेब. आपल्या हुशारीवर ते मनातल्या मनात खूश झाले, तेवढ्यात बाभळीवरचे सगळे कावळे एकदम खाली उतरले. एका क्षणात पिंड दिसेनासा झाला. एरवी एखादा कावळा शिवला की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. त्या दिवशी सगळे खाली मान घालून आश्रमाकडे परतले. पंतांनी त्याच संध्याकाळी सात नंबरला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

आणि आता कमिटी येणार होती. कमिटी म्हणजे नगरच्या नीलांबरीबाई. पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, शिस्तीच्या. पंतांनी सकाळीच सगळ्यांना ओसरीवर बसवून काय सांगायचं ते पढवलं होतं. दगडाबाईचं नाव कोणी काढायचं नाही, हेही बजावलं होतं. कोणी उलटं बोललं नाही. जो आश्रमाबाहेर जाईल त्याला मिलोची भाकरीसुद्धा मिळणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. खुद्द पंतांनाही ते दोन दिवसांपूर्वी फार नीट कळलं होतं. पुण्याहून मुलाचं पत्र आलं होतं, दोन खोल्यांत आमचंच होत नाही, तुम्ही आहात तिथंच बरे. पंतांनी ते पत्र वाचून स्टोव्हवर जाळलं होतं. त्यांना फार एकटं वाटलं होतं त्या रात्री.

तीनच्या सुमाराला बाईंची जीप आली. चहाला त्यांनी हात लावला नाही. प्रत्येक खोलीत मी एकटी जाणार, दार लावून घेणार, तुम्ही कचेरीतच थांबा, असं त्यांनी सांगितलं. पंत खुर्चीवर बसले. एक नंबरचं दार लागलं. थोड्या वेळानं उघडलं. मग दोनचं. वारा पडला होता. पत्रे उन्हानं मधूनच कडकन वाजत. पंत दारांचे आवाज मोजत होते. सहाचं दार लागलं, उघडलं. आता आठचं वाजेल म्हणून त्यांनी कान दिला.

बराच वेळ काहीच वाजलं नाही.

मग शेणाचा वास आला. ओल्या, ताज्या सारवणाचा वास. त्या माळावर गेले चार महिने कोणी जमीन सारवली नव्हती. प्यायलाच पाणी पुरत नव्हतं, सारवायला कुठलं? पंत उठून उभे राहिले. ओसरीवर जाऊन बघावं असं त्यांना फार वाटलं. पण आपण जाऊन उभे राहिलो म्हणजे आडवं आल्यासारखं होईल, असा विचार कुठूनसा त्यांच्या मनात आला आणि पाय उचलेनात. ते पुन्हा बसले. सूर्य कलला. खिडकीच्या गजांच्या सावल्या टेबलावरून भिंतीवर चढल्या. मग कुठं एक दार करकरलं, आणि त्यानंतर आठचं, नवाचं, दहाचं अशी दारं नेहमीसारखी वाजत गेली.

बाई कचेरीत आल्या तेव्हा ऊन तांबडं झालं होतं. त्यांनी चष्मा पुसला, वही टेबलावर ठेवली आणि सरळ विषयाला हात घातला. सगळ्यांनी त्याच त्या शब्दांत सांगितलं, म्हणाल्या. सगळं झाक हाय, भाऊसाहेब देवमानूस हायेत. तिसऱ्या खोलीतच मला कळलं की हे पाठ करून घेतलंय. पत्रे मी पाहिले, संडास पाहिला. तुम्हाला आजच काढायचं असं मी सहाव्या खोलीतून बाहेर पडताना ठरवलं होतं.

पंतांनी मान खाली घातली.

“पण सात नंबरच्या आजींनी फार गळ घातली,” बाई म्हणाल्या.

पंतांनी मान वर केली. “सात... नंबरच्या?”

“हो. एवढ्या सगळ्या आश्रमात तीच एक खोली नीटनेटकी. ताजी सारवलेली. दार त्यांनीच उघडलं. खोकला आहे बिचारीला, थांबून थांबून बोलत होत्या.” बाईंनी वही उघडली. “मी त्यांचे शब्द तसेच उतरवून घेतलेत. ऐका. ‘भाऊसायबाला हाकलू नका. जाईल कुठं त्यो? लेकानं परवाच कागद धाडला, नगं म्हनला त्याला. हितंच ऱ्हाऊ द्या. माज्या खोलीत लई जागा हाय. म्या बगीन त्याच्याकडं.’”

पंतांचा हात आपोआप जानव्याकडे गेला. किल्ली जागेवर होती. त्या पत्राबद्दल त्यांनी कोणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

आता सांगायला हवं होतं. सात नंबर बंद आहे, ती बाई वारली, एवढे दोन शब्द. पण ते सांगितले की केव्हा वारली, कशी वारली, हे आलं. आणि ती हाक आली. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. पंतांनी ओठ ओले केले.

“काही सांगायचंय का, यज्ञेश्वरपंत?”

“नाही...” पंत म्हणाले.

मग बाईंनी निर्णय सांगितला. उद्या सकाळी आबासाहेब म्हणून नवे व्यवस्थापक येतील, ही खोली त्यांना लागेल, तेव्हा ती आजच रिकामी करावी. पंतांना मात्र रस्त्यावर काढायचं नाही. त्यांना आश्रमात मरेपर्यंत जागा, इतर सगळ्यांसारखी. बाकीच्या खोल्या दाटीवाटीनं भरल्यात, सातमध्ये एकच माणूस आहे. बाई आणि पुरुष एका खोलीत, हे खरं म्हणजे नियमात बसत नाही. पण आजी म्हणाल्या, माझ्या लेकासारखा आहे. या वयात काय फरक पडतो, असं म्हणून बाईंनी वहीत सही केली. मरेपर्यंत छप्पर. पंतांना हवं होतं तेच मिळालं होतं. त्यांनी हात जोडले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही. जीप धुरळा उडवत गेली.

शेवटची एसटी केव्हाच गेली होती, आणि असती तरी तिच्यात बसून जायचं कुठं? पंतांनी ट्रंक भरली. पुंजारामानं ती उचलून सातच्या दारापर्यंत आणली आणि उंबऱ्याच्या अलीकडेच ठेवली. तो आत डोकावलासुद्धा नाही.

“तुम्ही ऐकलंत काही? मघाशी, शेजारून...” पंतांनी विचारलं.

पुंजाराम जमिनीकडे बघत म्हणाला, “भाऊसाहेब, मागं एकदा ऐकलं हुतं. तवा तुमीच म्हनला, खाली बस.” आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. त्याच्या दाराला आतून कडी लागली. मग एकामागून एक सगळ्याच दारांना लागली, अजून दिवेलागणही झाली नव्हती तरी.

कुलपावर महिन्याभराची धूळ होती. कोळ्याचं जाळंही कडीपासून चौकटीपर्यंत शाबूत होतं. पंतांनी किल्ली फिरवली, जाळं तुटलं, दार उघडलं. आतून गारवा आला. जमीन ओली होती. म्हाताऱ्या हातानं सारवलेले अर्धगोल भिंतीपर्यंत स्पष्ट दिसत होते. एवढ्या ओल्या जमिनीवर बाईंच्या चपलांचे ठसे आत गेलेले होते आणि बाहेर आलेले होते. दुसऱ्या कुणाचे ठसे नव्हते.

एका भिंतीशी दगडाबाईचं गोधडं, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं चुरगळलेलं. दुसऱ्या भिंतीशी नवं अंथरूण घातलेलं. उशी उत्तरेला, पायथा दक्षिणेला. जिवंत माणूस तसं कधी निजत नाही. मेलेल्या माणसाचे पाय दक्षिणेकडे करतात. गावाकडच्या म्हातारीला हे कळत नाही असं होणं शक्य नव्हतं. पंतांनी वाकून अंथरूण फिरवलं. उशी दक्षिणेला केली, चादर सारखी केली. घसा कोरडा पडला होता, म्हणून ते ओसरीच्या टोकाला रांजणापाशी गेले. तळाशी पेलाभर पाणी होतं. ते त्यांनी उभ्यानंच प्यायलं. अंधार दाटत होता. मदतीला हाक मारावी असं एकदा मनात आलं. पण कोण उठून येणार, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

ते परत आले. आत कंदील लावलेला होता. उशी पुन्हा उत्तरेला होती, आणि या वेळी पांघरुणाचा एक कोपरा त्यांच्यासाठी दुमडून ठेवलेला होता.