श्रुतिकाचा हात बटणाकडे गेला की...

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी वाढवणला यावं, घर मी स्वतः दाखवीन. अट एकच. परेशला काही विचारायचं नाही.

परेश माझा मावसभाऊ. वायरमन. आमच्या किनाऱ्यावर कुणाच्याही घरातला दिवा गेला की पहिला फोन त्याला.

तारीख १२ मे २०२४. रविवार. वेळ दुपारी पावणेएकची.

रात्र नव्हती हो. लख्ख ऊन होतं आणि बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकत होते.

सकाळी जोराचा वारा सुटला आणि परेशच्या घराकडे येणारी न्यूट्रलची तार खांबाजवळ तुटली. वीज एका तारेने येते आणि न्यूट्रलने परत जाते. परत जायची वाटच बंद झाली, की घरात काही चालत नाही.

लाइनमन म्हणाला, उद्या येतो.

पण घरातला फ्रीजर पापलेटांनी भरलेला. दुसऱ्या दिवशी एका हळदीच्या जेवणाची ऑर्डर होती. परेशची बायको निलम मासळी विकायची, तिचा जीव त्या मालात अडकलेला.

"अहो, सगळा माल नासेल ना!" ती म्हणाली. "वायरमन कशाला झालात मग? गावभर दिवे लावायचे आणि घरात अंधार!"

परेश हसला. आणि त्याने तेच केलं, जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याने त्याला शिव्या घातल्या असत्या.

अंगणातल्या नळाचा लोखंडी पाइप जमिनीत गेलेला होता. त्याने त्या पाइपाला एक वायर बांधली आणि फ्रीजरच्या सॉकेटला न्यूट्रल म्हणून जोडली. करंट जमिनीतून परत जाईल, असा हिशोब.

बटण दाबताच ब्रेकर पडला.

हा ब्रेकर म्हणजे ईएलसीबी. गेला तेवढा करंट परत आला नाही, की हा क्षणात पडून घर बंद करतो. माणसाचा जीव वाचवायलाच तो असतो. परेशने पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तेव्हा त्याने फ्रीजरची लाइन ब्रेकर वगळून थेट मीटरवरून घेतली. आमच्याकडे याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. एका दिवसापुरतंच तर करायचं होतं.

फ्रीजरचं बटण बंद ठेवून तो नाक्यावर टेप आणायला गेला. निलमला काही बोलला नाही. दहा मिनिटांत येतोच, असं त्याला वाटलं.

निलम अंगणात नळ उघडून मासळी धुवायला बसली. ओले हात, अनवाणी पाय. परेशची स्कूटर आल्यासारखी वाटली म्हणून तिने आत हाक मारली, "श्रुती, झालंय बघ पप्पांचं काम. फ्रीजरचं बटण दाब गं!"

श्रुतिका नऊ वर्षांची. तिने बटण दाबलं.

उन्हाळ्याने जमीन कोरडी ठणठणीत झालेली. फ्रीजरमधून पाइपात आलेला करंट तिथून पुढे जाईना. त्याला निलमचे हात सापडले.

दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

अंगणात रडारड चालली असताना परेश आत गेला. पाइपाची वायर काढली. लाइन पुन्हा ब्रेकरवर घेतली. कुणी पाहिलं नाही. लोक म्हणाले, तुटलेल्या तारेने घात केला.

श्रुतिका एकदाच म्हणाली, "बटण मी दाबलं होतं."

"नाही गं बाळा, तुझा काय दोष," सगळे म्हणाले. परेशही तेच म्हणाला. मग दोष कुणाचा, ते मात्र त्याच्या तोंडातून निघालं नाही.

तेराव्यानंतरची गोष्ट. न्यूट्रलची तार नवी आली होती. फ्रीजर परेशने देऊन टाकला होता, त्याच्याकडे बघवत नव्हतं. दुपारी श्रुतिका पंखा लावायला उठली. तिने बटणाकडे हात नेला...

टक.

ब्रेकर पडला. घर बंद.

तिचं बोट अजून बटणाला लागलंही नव्हतं.

परेशला वाटलं, योगायोग. संध्याकाळी तिने दिव्याकडे हात नेला... टक. दुसऱ्या दिवशी टीव्हीकडे... टक.

आता हा माणूस वायरमन. भूतबीत त्याच्या डोक्यात येणार नाही. त्याने प्रत्येक खोलीचा न्यूट्रल सुटा करून तपासला. कुठे अर्थिंगला चिकटलाय का, कुठे ओल आहे का, सगळं बघितलं. काही सापडलं नाही. डहाणूहून नवा ब्रेकर आणून बसवला.

शेजारच्या हिरीकाकूंनी बटण दाबलं, दिवा लागला. परेशने दाबलं, लागला. श्रुतिकाचा हात पुढे आला...

टक.

"मम्मी मला हात लावू देत नाही," पोरगी म्हणाली. "तिला माझा राग आलाय."

"वेडी आहेस का?" परेश ओरडला. आणि अंगणात जाऊन तोंडावर पाणी मारत बसला.

हळूहळू श्रुतिकाने बटणांकडे जाणंच सोडलं. हात काखेत दाबून घरात फिरायची. संध्याकाळी परेश कामावरून यायचा तेव्हा पोरगी अंधारात बसलेली असायची, पुस्तक मांडीवर मिटलेलं. जेवणही दोन घासांवर आलं. कासा गावच्या बाजारात सुकी मासळी विकणारी निलमची आई, यमुनाबाई, दर आठवड्याला येऊन बघायची आणि पदराला डोळे पुसत जायची.

"जावईबापू, पोर हातची जाईल हो," ती म्हणाली. "मुलगी गेली माझी, आता ही पण जायला लागली. मी हिला कासाला नेते."

परेश हादरला. काहीही करून पोरीच्या मनातली ही भीती काढायची, असं त्याने ठरवलं.

डिसेंबरचा रविवार. पुन्हा दुपारच. यमुनाबाई श्रुतिकाचे कपडे भरत होती. परेशने मीटरकडून वीज बंद केली आणि ब्रेकरच्या वरच्या, खालच्या, सगळ्या वायरी सोडवल्या. ब्रेकर नुसता पेटीत अडकवलेला राहिला. त्याने खटका वर केला.

"हे बघ श्रुती. यात आता वीजच नाही. हा पडूच शकत नाही. ये, बटण दाब."

"नको पप्पा."

"मम्मीबिम्मी काही नाही गं. वायरीचा दोष असतो सगळा. दाब!"

"नको ना!"

त्याने तिचं मनगट धरलं आणि बटणाकडे नेलं...

टक.

खटका खाली आला होता.

 परेश ब्रेकरकडे बघत राहिला. आणि तेवढ्यात...

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून घरघर ऐकू आली.

फ्रीजर सुरू होताना होते, तीच घरघर.

तो कोपरा सात महिने रिकामा होता.

यमुनाबाईच्या हातातून कपडे पडले. घरघर वाढत गेली... वाढत गेली... आणि थांबली. बाहेर समुद्राचा आवाज नाही. कावळा नाही. काहीच नाही.

श्रुतिका रिकाम्या कोपऱ्याला म्हणाली, "मम्मी, सॉरी. मी पुन्हा नाही दाबणार."

तिथे परेश फुटला. पोरीच्या पायाशी बसला आणि सगळं बोलून मोकळा झाला. पाइपाला वायर मी बांधली. लाइन मी डायरेक्ट केली. तू दाबलं नसतंस तर मी येऊन दाबलं असतं. तुझ्या मम्मीला मी मारलं, श्रुती, तू नाही.

 यमुनाबाईने भिंतीचा आधार घेतला.

श्रुतिकाने पुन्हा काखेत दाबलेले हात काढले. बापाकडे वळली.

"मग मम्मी माझ्यावर रागावली नाही?"

"नाही बाळा."

"तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

परेशने मानेनेच हो म्हटलं.

 आजीचा हात धरून ती चारच्या जीपने कासाला गेली.

परेशने वायरी पुन्हा जोडल्या, पण त्या दिवसापासून ब्रेकर पडलेला नाही. एकदाही नाही.

परेश दर रविवारी दोन ताटं वाढतो आणि ब्रेकरच्या पेटीसमोर बसतो. पोरीवर नाही तर निदान माझ्यावर राग काढ म्हणतो. "निलम, एकदा तरी पाड ना गं," असं तो म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. निलम अजून त्या घरात आहे, याच भरवशावर तो जगतोय.

आता मला जे सांगायचंय ते पुढचं आहे.

या एप्रिलमध्ये मी श्रुतिकाला भेटायला कासाला गेले. पोरगी अंगाने भरली होती, हसत होती. यमुनाबाईने मला बाजूला घेतलं. आठवड्यापूर्वी दुपारी श्रुतिका कूलरची जाळी सरकवायला गेली होती. हात पोचायच्या आत घरातली वीज गेली. फक्त यांच्याच घरातली. नंतर कळलं, कूलरच्या पत्र्यात करंट उतरला होता.

"ब्रेकर पडला असेल," मी म्हटलं.

"कुठला ब्रेकर, बाई?" यमुनाबाई म्हणाली. "जुनं घर आमचं. साधा फ्यूज आहे. तो पण शाबूत होता. मग आपोआप आली वीज."



निघताना श्रुतिका मला जीपपर्यंत सोडायला आली. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "आत्या, मम्मी तिकडे नाहीये. ती त्याच दिवशी आमच्याबरोबर जीपमधून आली."

मी जीपमध्ये ठेवलेला पाय खाली घेतला.

"पप्पांना नका सांगू," ती म्हणाली. "त्यांना वाटतं ती तिथेच आहे."

मी अजून सांगितलेलं नाही. काल रविवार होता. परेशचा फोन आला, आवाजात केवढा आनंद. म्हणाला, ताई, आज दिवा जरासा लुकलुकला गं... तीच असेल ना?

मी हो म्हटलं.