तिसऱ्या हिश्श्यातली शेवंती

“नांगर थांबव, रज्जाक! आता पुढं आलास तर बैल माझ्या अंगावर घालावे लागतील तुला!”

चैत्राचं ऊन माथ्यावर तळपत होतं, आणि शेवंतीच्या वाफ्यांच्या तोंडाशी हाजराबी दोन्ही हात पसरून उभी होती… डोईवरचा पदर घसरलेला, केसांतली रुपेरी बट कपाळावर चिकटलेली, पण डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता! बैल तिच्या हातचं गवत खाऊन मोठे झालेले; तिला पाहून ते आपणहून थबकले.

“आपा, सर बाजूला,” तिचा धाकटा भाऊ रज्जाक म्हणाला. “नगरच्या लष्करी छावनीचा ठेकेदार कोबी घेतो म्हनलाय. लढाईच्या दिसांत फुलं कोन पुसतंय? अन् ही तुझी शेवंती वाळून गेल्याली!”

“वाळली न्हाई ती. फुलं सरली म्हनून म्या छाटली. बुडाला बघ, काश्या फुटल्यात.”

तिनं वाकून माती सारली. जुन्या खोडाच्या मुळाशी हिरवे कोवळे कोंब वर येत होते… हेच कोंब दर उन्हाळ्यात जपायचे, सोडवून नव्या वरंब्यावर लावायचे आणि दसऱ्याला पुन्हा तीच पिवळीधमक फुलं घ्यायची. अम्मानं लावलेली ही शेवंती. अम्मा गेली तेव्हा रज्जाक दुधाचे दात पडायच्या वयाचा होता. हाजराबीला चांगली स्थळं आली होती, सोनईचं एक तर घरंदाज, पण ‘माझ्यामागं या लेकराला भाकरी कोण घालील?’ एवढं एकच तिनं विचारलं, आणि आपलं सारं तारुण्य त्या चुलीपाशी आणि या वाफ्यांत निमूटपणे वाहून टाकलं! त्याचं तिनं कधी दुःख केलं नव्हतं. आज मात्र त्याच लेकरानं कासरा आवळला आणि बांधावर जमलेल्या चारचौघांत तिला विचारलं…

“रान माझ्या नावावर हाय आपा. तुझा हक काय हितं?”

हाजराबीच्या काळजात काहीतरी कटकन तुटलं. मग तिनं पदर डोईवर घेतला आणि शांत आवाजात म्हणाली, “बरं झालं इचारलंस. आता दावते तुला, माझा हक काय हाय त्यो!”

त्याच दिवशी तिनं काश्या खणून काढल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून लिंबाच्या सावलीत ठेवल्या आणि थेट मशिदीच्या ओट्यावर जाऊन जमातीच्या म्होरक्यापुढं, चांदभाईंपुढं उभी राहिली.

“चाचा, शरियतीत बापाच्या रानात भावाला दोन हिस्से अन् भनीला एक. खरं का खोटं?”

म्हातारा गडबडला. “खरं हाय बेटी… पन आपल्याकडच्या बाया हिस्सा मागत न्हाईत गं. भावाला माफ करून टाकत्यात. माहेर तुटू ने म्हनून.”

“माझं माहेर आज नांगरानं तुटलं चाचा! म्या माफ करनार न्हाई!”

साऱ्या गावात कुजबूज झाली. कुणी तिला हावरी म्हणालं, कुणी म्हणालं, थोरलीनं धाकट्याला जमातीपुढं खेचलं. पण अल्लाच्या वचनापुढं चांदभाईंना मान तुकवावी लागली. तिसरा हिस्सा निघाला. रज्जाकनं रागानं तिला माळाच्या अंगाची मुरमाड पट्टी दिली. विहीर त्याच्या वाट्याला गेली, आणि तिचं पाणी बहिणीला बंद झालं.

हाजराबीनं तिथंच कडब्याची खोप उभी केली. पहाटे उठून ती लांबच्या ओढ्याच्या डबक्यातून घागरी आणी आणि एकेका काशीच्या बुडाशी ओंजळीनं पाणी घाली. ‘बघू, मुरूम जिंकतो का मी!’ असं ती स्वतःशीच पुटपुटे. पाय सोलवटले, खांद्याला घट्टे पडले; पण माळावरून खाली, आपल्या घराच्या दिशेनं, तिनं एकदाही मान वळवली नाही. तिच्या मनात एकच शल्य होतं… गेल्या साली मुमताज रज्जाकची नवरी होऊन घरात आली, आणि तेव्हापासूनच भाऊ परका झाला!

आणि एके दुपारी तीच मुमताज डोईवर भरली घागर घेऊन बांधावर उभी राहिली.

“परत ने,” हाजराबी वर न बघता म्हणाली. “तुमच्या हिरीचं पानी माझ्या रोपांना नगं.”

मुमताजनं घागर खाली ठेवली. तिचा ऊर धपापत होता.

“आपा, तुमाला वाटतं म्या त्यांचे कान भरले. खुदाची कसम, न्हाई भरले! पन त्यांनी नांगर जुपला तवा म्या दारात हुबी हुते, अन् तोंड उघडलं न्हाई. त्यो माझा गुन्हा.” तिनं पदरानं कपाळाचा घाम टिपला. “माझ्या अब्बांच्या माघारी वाटनी झाली, तवा भावांनी सांगितलं, ‘माफ म्हन.’ म्या म्हनले. अंगठा लावला. न्हाई म्हनता येतं, हेच मला ठावं नव्हतं आपा! तुमी म्हनलात तवा कळलं…”

हाजराबीनं खुरपं खाली ठेवलं. ती काही बोलणार, तोच खालून गर्जना आली.

“मुमताज! कुनाला इचारून पानी काढलंस?”

रज्जाक तरातरा बांधावर चढून आला. मुमताज जागची हलली नाही.

“कुनाला बी न्हाई इचारलं! उद्या बी आननार. हिरीवर पहारा बसवायचा आसंल तर आदी मला घराभायेर काढा… मी ह्या खोपीत ऱ्हाईन!”

त्याचा हात वर उचलला गेला. पण तो खाली येण्याआधीच हाजराबीनं झेप घेऊन त्याचं मनगट पकडलं!

“खबरदार! ह्या हातानं तुला घास भरवलाय रज्जाक. घर घेतलंस, पानी तोडलंस, म्या सोसलं. पन ह्या पोरीला बोट लावशील, तर अम्माची शपथ, तुझं तोंड बघनार न्हाई!”

रज्जाकचं मनगट त्या कष्टानं खरबरीत झालेल्या मुठीत अडकून राहिलं. त्याची नजर तिच्या सोलवटलेल्या पायांवर गेली, आणि तो माघारी वळला. दुसऱ्या दिवसापासून मुमताजची घागर कुणी अडवली नाही.

पावसाळा लागला. दोघी नणंद-भावजय मिळून शेंडे खुडत, म्हणजे झाडाला बगलेच्या फांद्या फुटतात. माव्याची कीड पडली की राख धुरळत. रज्जाकचा कोबीही चांगला आला, ठेकेदाराच्या गाड्या भरभरून गेल्या. पण जेवायला बसलं की त्याचा घास तोंडात फिरे. मुमताज ताट वाढून माळाकडं निघून जाई. ईदच्या दिवशी नवा सदरा घालून तो बांधापर्यंत आला, बराच वेळ उभा राहिला… बहिणीनं त्याला पाहिलं. तिनं त्याला अडवलं नाही. पण त्याचंच पाऊल पुढं पडलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या पहाटे मुरमाड पट्टी पिवळ्या फुलांनी नुसती पेटली होती! हाजराबीनं पाट्या भरल्या आणि एवढं ओझं नगरच्या बाजारात कसं न्यावं, या विवंचनेत ती उभी असताना खोपीपुढं रज्जाकची बैलगाडी येऊन थांबली.

“भाडं सांग,” ती म्हणाली.

“आपा…!” रज्जाक लहान मुलासारखा तिच्या पायांशी कोसळला. “मला मार, पन असं बोलू नगंस! तुझ्या हातचं खाऊन मोठा झालो, अन् तुलाच इचारलं, हक काय म्हनून… कुठल्या तोंडानं इचारलं गं म्या!”

इतके महिने कोरडे राहिलेले हाजराबीचे डोळे आता मात्र वाहू लागले. तिनं त्याच्या केसांत बोटं घातली. तरीही तिचा आवाज ठाम होता.

“माफ केलं तुला. हिस्सा न्हाई माफ केला. त्यो माझाच ऱ्हाईल.”

“तुझाच आपा. अन् हीर बी दोघांची.”

बाजारात आसाराम आडत्यानं गाडी पाहिली आणि सवयीनं आरोळी ठोकली, “रज्जाकभाईचा माल आला हो!”

“माझा न्हाई!” रज्जाक गाडीतून खाली उडी मारत ओरडला. आजूबाजूचे माळी, गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. “माल माझ्या भनीचा हाय. तिचं नाव घ्या.”

आसाराम चुळबुळला. भरल्या बाजारात बाईमाणसाचं नाव पुकारायची त्याला सवय नव्हती. त्यानं संकोचानं हाजराबीकडं पाहिलं.

ती गाडीतून उतरली, फुलांच्या पाटीवर हात ठेवून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “पुकार की आसाराम! लाजतोस कशापाई? हाजराबी म्हन… अन् मोठ्यांदा म्हन!”