लंजे सरांच्या नंतर

नोकरीवर रुजू व्हायच्या दिवशीच गावाहून, दवनीवाड्याहून येणारी बस रस्त्यात पंक्चर झाली. दुर्गेश्वरी रहांगडाले विद्यापीठाच्या गोंदियातल्या अभियांत्रिकी संकुलात पोहोचली तेव्हा ओढणी एका खांद्यावर लोंबत होती, फाईल छातीशी होती आणि जीव गळ्याशी आला होता. कचेरीच्या खिडकीसमोर एकच माणूस उभा होता. उंच, सावळा, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री. त्याचा कागद खिडकीच्या आत गेलाच होता, तेवढ्यात त्यानं मागं वळून पाहिलं. पाहिलं आणि... पाहतच राहिला म्हणा ना. मग त्यानं आपला कागद हळूच बाहेर ओढून घेतला आणि बाजूला सरकला.

"तुम्ही द्या आधी," तो म्हणाला. "तुम्ही आता पडता का काय, असं वाटून राहिलं मला."

"मी नाही पडत," ती म्हणाली, आणि खिडकीची कड घट्ट धरली.

बाबूनं तिच्या कागदावर शिक्का मारला, घड्याळ पाहिलं, खिडकी लावली आणि डबा खायला निघून गेला. त्या माणसाचा, म्हणजे अतुल मेश्रामचा शिक्का जेवणानंतर पडला. दोघंही स्थापत्य विभागात, दोघंही सहायक प्राध्यापक, तारीखही एकच. पण तिथल्या रिवाजाप्रमाणे सकाळी रुजू झालेला दुपारी रुजू झालेल्याच्या वरचा. तेव्हापासून विभागातले लोक तिला 'अर्ध्या दिवसाची सीनियर' म्हणून चिडवायचे आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं अतुल हसायचा. सहा वर्षं हा नुसता चेष्टेचा विषय होता.

यंदाच्या जुलैत मात्र ती चेष्टा अंगावर आली. विभागप्रमुख ईश्वरदास लंजे सर महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते. विभागात कायम नोकरीवर माणसं तीनच – सर, दुर्गेश्वरी आणि अतुल. बाकी सगळे कंत्राटी. म्हणजे सर गेले की खुर्ची तिच्याकडे यायची, अतुलकडे नाही, आणि ती का, तर त्या दिवशी तो बाजूला सरकला म्हणून.

लंजे सर देवमाणूस, पण भित्रे. विभागात नवी वस्तू आली की ती खराब होईल या धास्तीनं ते तिला हात लावू देत नसत. काँक्रीटचे ठोकळे दाबून त्यांची ताकद मोजायचं यंत्र चार वर्षांपासून आलेलं होतं आणि चार वर्षांपासून प्लास्टिकमध्येच उभं होतं. त्याला दर दसऱ्याला हार मात्र न चुकता चढायचा. पोरं यंत्राचं चित्र काढून परीक्षा पास व्हायची आणि नोकरीच्या मुलाखतीत गप्प बसायची. ते दुर्गेश्वरीला सहन होत नसे. तिला यंत्र चालू करायचं होतं, गोंदियातल्या बांधकामांचे ठोकळे तपासायला आणायचे होते, गावोगावच्या तलावांच्या पाळींची, म्हणजे बांधांची, माती पोरांच्या हातून तपासून घ्यायची होती. हे सगळं तिनं फक्त अतुलला सांगितलं होतं.

कुठं सांगितलं म्हणाल, तर फुलचूरच्या चहाच्या टपरीवर. तो कुडव्याच्या घरून मोटरसायकलनं येई, ती भाड्याच्या खोलीवरून स्कूटीनं. सुटल्यावर दोघांच्या गाड्या त्या टपरीसमोर आपोआप थांबत. पाऊस असला की टपरीच्या ताडपत्रीखाली जागा कमी पडायची, आणि ती कमी पडते हे दोघांनाही मनातून आवडायचं. तो तिच्या ग्लासातली साय बोटानं काढून टाकायचा, कारण तिला साय आवडत नाही हे त्याला ठाऊक होतं. एवढं सगळं व्हायचं. बोलणं तेवढं व्हायचं नाही.

एका मंगळवारी नीतू, म्हणजे विभागाची कारकून, फाईल ठेवायच्या निमित्तानं जवळ आली आणि हळूच म्हणाली की मेश्राम सर सकाळपासून डीन साहेबांच्या केबिनमध्ये बसलेत, दरवाजा बंद आहे. "मॅडम, कुछ तो चल रहा है. ऑर्डर तुमच्याच नावाची निघन ना?" दुर्गेश्वरीनं हसून हो म्हटलं. नीतू गेल्यावर मात्र तिच्या हातातला खडू मोडला.

त्या संध्याकाळी ताडपत्रीखाली तिनं सरळच विचारलं. "डीन सर काय म्हणत होते?"

अतुल पावसाकडे पाहत राहिला. "आता काही विचारू नका मॅडम. ऑर्डर निघू द्या आधी."

"काऊन? मला नाही सांगण्यासारखं आहे का?"

"आहे... पण आता नाही." त्यानं चहा अर्धा टाकला आणि निघून गेला. साय ग्लासात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विभागात समोर आला तर मान खाली घालून निघून जाई. माणसाचं मन अशा वेळी फार दुष्टपणे चालतं. दुर्गेश्वरीला आता सगळं उलगडल्यासारखं वाटू लागलं. खुर्ची कोणाला नको असते? त्याला विचारलं असेल, तो हो म्हणाला असेल, आणि आता तोंड दाखवायची लाज वाटत असेल. तिला खुर्ची जायचं दुःख होतं, फार होतं. पण ती याच्या हातून जाणार, हे जास्त लागत होतं. त्यात रात्री आई कुंदाबाईचा फोन आला. महिनाभरापासून बोलणं चाललेले रायपूरचे पाहुणे पुढच्या आठवड्यात बघायला येणार आहेत, मुलगा तिकडेच कंपनीत आहे, तू दोन दिवस सुटी टाक. दुर्गेश्वरी नुसती हूं हूं करत राहिली.

शुक्रवारी डीन साहेबांनी बोलावलं. ती केबिनमध्ये शिरली तर अतुल आधीच एका खुर्चीत बसलेला होता. ती दुसऱ्या खुर्चीत बसली, दोघांच्या मधे एक खुर्ची रिकामी ठेवून.

डीन वाईट माणूस नव्हते. त्यांना काळजी होती ती हिवाळ्यात येणाऱ्या मूल्यांकन समितीची. त्यांनी घसा साफ करून समजावलं की ज्येष्ठता तुमचीच आहे, त्यात वाद नाही. पण घरी तुमचं लग्न पाहून राहिले आहेत, पाहुणे रायपूरचे आहेत, हे माझ्याही कानावर आलंय. तुम्ही डिसेंबरात लग्न करून निघून गेलात तर ऐन समितीच्या तोंडावर विभाग बिनमुंडक्याचा होईल. तेव्हा मला ही जबाबदारी नको, असं तुम्हीच लिहून द्या. म्हणजे नियमाप्रमाणे पुढच्या माणसाला घेता येईल. त्यांनी कोरा कागद तिच्यापुढं सरकवला.

"पुढचा माणूस तयार आहे वाटतं," दुर्गेश्वरी म्हणाली.

"कुठला तयार?" डीन वैतागले. "मंगळवारी तास-दीड तास समजावलं. हे नाहीच म्हणून राहिले. मॅडमच पाहिजेत म्हणे, विभाग पुढं न्यायची धमक त्यांच्यातच आहे म्हणे. पण तुम्ही लिहून दिलं, तर यांना नाही म्हणता येणार नाही."

दुर्गेश्वरीनं अतुलकडे पाहिलं. तो बुटांच्या टोकांकडे पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. तीन दिवस तिनं या माणसाला मनात काय काय बोलून घेतलं होतं! तिला रडू यायला लागलं, आणि त्याच वेळी सहा वर्षांत नव्हता एवढा धीर कुठून तरी आला.

"सर," ती म्हणाली, "लग्न मी करणार आहे. पण रायपूरला नाही."

"मग कुठं?"

"कुडव्याला," ती म्हणाली. "मुलगा याच विभागात आहे. त्यामुळं मी कुठं जायचा प्रश्न येत नाही. तो मधल्या खुर्चीच्या पलीकडे बसला आहे."

डीननी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मेश्राम," ते म्हणाले, "तुम्हाला हे मंजूर आहे का?"

अतुलनं मान वर केली. "सर, मॅडम विभागप्रमुख होणं, का... दुसरं?"

"दोन्ही."

"दोन्ही मंजूर आहे," तो म्हणाला.

डीननी कोरा कागद परत ओढून घेतला. ऑर्डर कचेरीतल्या कापगते बाबूकडे टाइपला देतो, तुमच्याच नावाची, असं ते दुर्गेश्वरीला म्हणाले. फक्त मेश्रामांच्या कामाचा वार्षिक गोपनीय अहवाल यापुढं तुम्ही लिहायचा नाही, तो मी लिहीन. नाही तर लोक मला जगू देणार नाहीत. मग त्यांनी दोघांनाही हातानंच बाहेर जायची खूण केली.

बाहेर व्हरांड्यात पावसाचे थेंब आतपर्यंत येत होते. दोघं भिंतीला लागून उभे राहिले.

"मला विचारलं नाही तुम्ही," अतुल म्हणाला.

"तुम्ही विचारलं होतं का कधी?"

"या महिन्यात विचारणार होतो. पक्कं केलं होतं. मग डीन सरांनी तुमच्या लग्नाचा मुद्दा काढला. मी तेव्हा विचारलं असतं अन् कोणाला कळलं असतं, तर त्यांच्या हातात आयतंच कारण गेलं असतं... की पाहा, मॅडमचं ठरलं. म्हणून म्हटलं, ऑर्डर निघू द्या. टपरीवर थांबलो असतो तर तोंडातून निघून गेलं असतं. मला तुमच्यासमोर गप्प राहता येत नाही."

"सहा वर्षं राहिलात की."

दुर्गेश्वरीला हसू आलं, आणि लगेच घर आठवलं. डीनला सांगणं सोपं होतं. दवनीवाड्याला सांगायचं होतं अजून. पोवारांच्या घरातली मुलगी आणि कुडव्याच्या बौद्ध घरातला मुलगा. गावात याआधी एकदा असं झालं होतं आणि त्या घरी दोन वर्षं कोणी पाणी प्यायला गेलं नव्हतं. उद्यावर टाकलं तर आपल्याच्यानं होणार नाही, हे तिला कळत होतं. तिनं तिथंच फोन लावला.

वडील देवचंद बांधीत, धानाच्या शेतात, होते. रोपांची रोवणी चालू होती, मागून बायांच्या गाण्याचा आवाज येत होता. तिनं एका दमात सांगून टाकलं... रायपूरच्यांना नाही म्हणा, मुलगा इथला आहे, कुडव्याच्या खुशाल मेश्रामांचा. घरी पोवारी बोलीत बोलणारे देवचंद काळजीत पडले की मराठीवर येत.

"मेश्राम," ते एवढंच म्हणाले.

"हो बाबा."

बायांचं गाणं तेवढं ऐकू येत राहिलं. अतुल भिंतीला टेकून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"तुह्या आईले मी सांगतो," देवचंद शेवटी म्हणाले. "आठ दिवस रडन ते. लोकं बोलतीन, ते वेगळंच." मधेच बायांना काहीतरी ओरडून सांगितलं. "रविवारी वरच्या बांधीत रोवणी हाय. माणसं कमी पडून राहिली. येत असन तं घेऊन ये त्याले. पाहू तं दे, कसा हाय."

तिनं फोन ठेवला. अतुलनं दोनदा विचारलं, काय म्हणाले, तेव्हा तिनं डोळे पुसत सांगितलं की रविवारी चिखलात बोलावलंय.

"मला रोवणी येत नाही," तो घाबरून म्हणाला. "सगळं वाकडंतिकडं लावीन मी. काय म्हणतील ते?"

"वाकडं लागलं तर बाबा उपटून पुन्हा लावायला लावतील."

"अन् मग?"

"मग दुपारी बांधावर सगळ्यांसोबत जेवायला बसवतील." तिनं त्याची बाही धरली आणि पावसात पाऊल टाकलं. "जुनी पँट घालून ये. अन्... येशील ना नक्की?"