पहिला नंबर, विभागून

फाल्गुनात खालची गावं तापू लागली की ओढगाड्या चाकांवरची घरं वर चिंचमाळच्या पठारावर आणून सोडत आणि आषाढात परत घेऊन जात. मधले चार महिने चौसष्ट घरं तिथे ओळीने उभी असायची. पत्र्याच्या डब्याला चार चाकं, दोन खिडक्या आणि डोक्यावर एक एसी, असं हे घर. शतक संपत आलं होतं आणि खाली राहणं आता गरिबांच्या नशिबी होतं. आपण वर राहतो, या एका गोष्टीचा चिंचमाळकरांना इतका अभिमान होता की कमानीवर त्यांनी 'श्रीमंत चिंचमाळ' असं कोरून घेतलं होतं. कमान उभारली त्या वर्षी जाड वीजतार आणायचं राहून गेलं.

तारेचं प्रकरण समजून घ्यायला हवं. एसीतला कंप्रेसर एकदा फिरू लागला की बारा अँपिअरवर समाधानी असतो. पण थांबलेला कंप्रेसर पहिल्यांदा हलायला डोळ्याचं पातं लवेपर्यंत साठ अँपिअर मागतो. अडकलेली हातगाडी हलवायला चौघं लागतात आणि मग एकटा ढकलत नेतो, तसंच हे. या पहिल्या मागणीला पठारावर 'उसळी' म्हणत. हळूहळू वाढलेला भार बारीक तार पेले, तिच्यावर चौसष्ट कंप्रेसर सुखाने चालत, पण एकदम आलेल्या उसळीने तिचा कटआउट पडे. म्हणून वीजघरात एक उसळटाकी बसवलेली होती. ती दोन मिनिटांत भरे आणि एका कंप्रेसरच्या उसळीपुरती वीज देऊन रिकामी होई. थोडक्यात, वीज जाऊन आली की घरं एकेक करून, दोन-दोन मिनिटांनी थंड होणार. पहिल्याला लगेच गारवा, चौसष्टाव्याला दोन तासांनी.

दोन तास म्हणजे किती, हे खालच्या माणसाला सांगावं लागलं नसतं. उष्म्याच्या दिवसांत हवा इतकी दमट असे की घाम वाळतच नसे, आणि घाम वाळला नाही तर शरीराला निवण्याचा दुसरा मार्ग नाही. बाहेर सावलीतही तेच. म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला तासाभरानंतरचं प्रत्येक मिनिट महाग पडे.

कोणाचा एसी केव्हा सुरू व्हावा हे ठरवणारी क्रमपेटी केतकी ढोबळेने बनवली. ती वस्तीची वीज-इंजिनिअर. पेटीत नावापुढे नंबर भरायचा, की पेटी त्या क्रमाने एकेकाला उसळी देई; एसीला दुसरं बटण नव्हतं. केतकीने पहिली यादी शरीराच्या गरजेवरून केली. दुबळं हृदय, लहान बाळ, म्हातारपण आधी. धडधाकट माणसं मागे. त्या यादीत पहिलं नाव होतं सानिकाबाई पवळे यांचं. वय बाहत्तर, हृदय निम्म्या ताकदीचं.

त्यांचे यजमान विराजराव पवळे हे वस्तीचे अध्यक्ष. त्यांच्या खापरपणजोबांनी म्हणे कुठलासा गड राखला होता. स्वतः विराजरावांनी आयुष्यात अध्यक्षपद सोडून काही राखलं नव्हतं.

"बायकोच्या दुखण्यावर पहिला नंबर?" ते सभेत म्हणाले. "ढोबळे बाई, आमच्या घराला पहिला नंबर मिळायचा तर मानाने मिळेल. दयेची भीक नको."

"हा मान नाही, साहेब. हा फक्त क्रम आहे."

"पहिला म्हटलं की मान आलाच."

सभेने टाळ्या वाजवल्या. मग प्रश्न उभा राहिला डॉ. निषाद प्रभुदेसाईंचा. ते माजी कुलगुरू. त्यांचं विद्यापीठ उष्म्यापायी बंद पडून बारा वर्षं झाली होती, पण त्यांच्यातला कुलगुरू काही बंद पडला नव्हता. विद्वत्तेला दुसरा नंबर हा समाजाचा अधःपात आहे, असं ते अर्धा तास बोलले. शेवटी चिटणिसांनी शहाणपणाने तोडगा काढला. निबंधस्पर्धेत करतात तसं करावं. पहिला नंबर, विभागून. दोघांच्याही नावापुढे पेटीत एक हाच आकडा भरला गेला, दोन हा आकडा रिकामा राहिला. मग सर्वांनी पेटीला हळदकुंकू वाहिलं.

एका नंबरावर दोघं बसतील, हे केतकीच्या स्वप्नातही आलं नव्हतं, म्हणून पेटीत त्याला अटकाव नव्हता. जन्मभर याच माणसांत राहून जिला हे सुचलं नाही, तिच्या हुशारीची कीव करावी तेवढी थोडी. आपली यादी फेकली गेल्यावर ती रुसून वीजघरात जाऊन बसली होती आणि नवी यादी तिने वाचलीसुद्धा नव्हती.

वैशाखात एका दुपारी पाऊण वाजता तारेवर वानर बसलं. वीज गेली आणि मिनिटभरात परत आली. पेटीने नियमाप्रमाणे पहिल्या नंबराला उसळी दिली. पहिला नंबर दोघांचा. दोन कंप्रेसरांनी एकदम साठ-साठ अँपिअर मागितले, टाकी अर्ध्यावरच रिकामी झाली, दोन्ही कंप्रेसर गुरगुरून थांबले आणि सगळी वस्ती बंद पडली. अडकलेल्या कंप्रेसरला पुन्हा प्रयत्न करण्याआधी तीन मिनिटं विसावा लागतो. तीन मिनिटांनी पेटीने पुन्हा पहिल्या नंबराला बोलावलं. पुन्हा गुरगुर, पुन्हा बंद.

चौथ्या खेपेला केतकीने यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. नवी यादी फक्त सभेतच भरता येई. मधल्या काळात एकच फेरफार शक्य होता: कुणीतरी स्वतःचा अंगठा लावून एक नंबर मागे सरायचं. कुणी दुसऱ्याला मागे ढकलू नये म्हणून हा नियम तिनेच पेटीत घातला होता. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ती आधी प्रभुदेसाईंकडे गेली.

"मी सरकलो असतो," ते कपाळावरचा घाम टिपत म्हणाले. "पण त्याचा अर्थ वेगळा लावला जाईल. तुम्ही पवळ्यांना विचारा."

पवळ्यांच्या घरात पत्रा हाताला चटके देत होता. सानिकाबाई कॉटवर पडल्या होत्या. विराजराव त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होते, म्हणजे गरम हवा इकडची तिकडे करत होते.

"साहेब, इथे अंगठा लावा," केतकीने क्रमपेटीला जोडलेली, अंगठा ओळखणारी हातातली पाटी पुढे केली. "तुमचा नंबर दुसरा होईल. फक्त दोन मिनिटं उशीर. नाहीतर कुणाचाच एसी सुरू होणार नाही."

"त्यांनी लावला?"

"नाही."

"मग मी का लावू? ते लावतील. मास्तर माणूस, किती वेळ दम धरणार?"

"अहो, द्या ना अंगठा," सानिकाबाई म्हणाल्या.

"तू शांत पड. आपल्यात कुणी मागे सरलेलं नाही."

"मला पहिलं नको. मला गार हवंय."

"दोन मिनिटांचा प्रश्न आहे हो," केतकी म्हणाली.

"तेच त्यांना सांगा."

एवढ्यात विराजरावांच्या फोनवर प्रभुदेसाईंचं पत्र आलं. 'समाजहितासाठी मी सौजन्यपूर्वक प्रतीक्षा स्वीकारण्यास तयार आहे,' असा मजकूर होता. विराजरावांनी तो दोनदा वाचला. प्रतीक्षा नव्हे, 'माघार' असा शब्द हवा, असं त्यांनी कळवलं. उत्तर आलं की माघार हा रणांगणावरचा शब्द आहे, सुसंस्कृत माणसांत शोभत नाही. विराजरावांनी 'नमतं घेणे' सुचवलं. तिकडून 'समंजस पुनर्क्रम' आला. दर तीन मिनिटांनी छतावर कंप्रेसर गुरगुरत होता आणि थांबत होता. बाकीची बासष्ट घरं गप्प होती. थोरामोठ्यांच्या मध्ये कोण बोलणार? ओले पंचे अंगावर घेऊन लोक वाट पाहत बसले होते, आणि कोण जिंकतो याची उत्सुकताही होतीच.

केतकीने सानिकाबाईंचा हात हातात घेतला. तो कोरडा होता आणि तापलेला होता.

"साहेब, यांना घाम येत नाहीये. हे फार वाईट लक्षण आहे."

"पाणी पाजा," विराजराव फोनवरून नजर न काढता म्हणाले. "बघा, आता 'सविनय' लिहिलंय. येतोय वळणावर."

सानिकाबाई पुन्हा काही म्हणाल्या नाहीत. बऱ्याच वेळाने विराजरावांच्या ते लक्षात आलं. त्यांनी दोनदा हाक मारली. मग त्यांनी पाटीवर अंगठा लावला. अंगठा घामाने इतका ओला होता की पाटीने तो पहिल्यांदा ओळखलाच नाही. धोतराला पुसून पुन्हा लावला. प्रभुदेसाईंचा एसी सुरू झाला, दोन मिनिटांनी पवळ्यांचा. थंड हवा कॉटवर आली तेव्हा तिचा उपयोग फक्त विराजरावांना होता. ते गुडघ्यांत डोकं घालून रडले. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणून केतकीला त्यांचा जास्तच संताप आला.

तेराव्यानंतर शोकसभा झाली. प्रभुदेसाई सुंदर बोलले. मग केतकी उभी राहिली आणि म्हणाली की पेटीत तिने दुरुस्ती केली आहे, आता एका नंबरावर दोघं बसू शकणार नाहीत. तेव्हा गरजेप्रमाणे नवी यादी करू. सभा अस्वस्थ झाली. पहिला कोण, हा प्रश्न पुन्हा जिवंत झाला होता. दोघेही एकमेकांकडे न पाहता बसले होते.

चिटणीस पुन्हा शहाणपणाने उठले. पहिला नंबर कै. सानिकाबाईंच्या घराला कायमचा द्यावा, अविभाज्य. विराजराव मुलाच्या घरी राहायला जातील, ते घर कुलूपबंद राहील. ठराव ऐकताच दोन्ही थोरांचे चेहरे उजळले. जिवंत कुणीच पहिला नाही, म्हणजे कुणाचाच अपमान नाही. दुसऱ्या नंबराला मान नसतो, म्हणून त्यावर भांडणही झालं नाही. बाकीचे नंबर घटकाभरात पटापट वाटले गेले, घराण्याप्रमाणे.

"आत माणूस नाही, साहेब," केतकी म्हणाली. "थंड कुणाला करायचं?"

"माणूस गेलं तरी मान राहतो, बाई," विराजराव म्हणाले.

तिने केलेल्या दुरुस्तीमुळे नवी यादी भरायला आता अध्यक्षांच्या जोडीने तिचाही अंगठा लागणार होता. तिने विचार केला. नाही म्हटलं तर पुन्हा पहिला कोण हा वाद, पुन्हा पत्रव्यवहार. मेलेली बाई पहिली असेल तर निदान बाकीचे एसी सुरू तरी होतील. तिने अंगठा लावला.

ज्येष्ठात भर दुपारी वीज गेली आणि आली. कुलूपबंद घराच्या छतावरचा कंप्रेसर एका दमात सुरू झाला. पहिल्या नंबराला दोन मिनिटं मान देण्याची रीत पडली होती, त्याप्रमाणे माणसं दारात येऊन हात जोडून, माना खाली घालून उभी राहिली. अठ्ठावन्न नंबरच्या घरात वीस दिवसांचं बाळ होतं. त्याचा बापही रांगेत हात जोडून उभा होता. आतून बायकोने दोनदा हाक मारली, पण मानाची दोन मिनिटं संपायच्या आत हलणं बरं दिसलं नसतं. त्याचा नंबर यायला अजून एक तास चोपन्न मिनिटं होती.