पाचवं बटण

दिवा तसाच राहू द्या, सांगते. घाबरायचं असेल तर आधीच घाबरून घ्या. मध्येच उठून जायचं नाही.

मुलाने अडीनडीला दाबायची ती बिनतारी बटणं आणली तेव्हा सोबत अटही आणली. "आई, तुला एकटीने राहायचंय ना, राहा. पण तुझं काही बिनसलंय असं मला एकदा जरी दिसलं, तर हे घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं. मग मी ऐकणार नाही."

बसवायला माणूस पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, काही गरज नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात गेली माझी. समोर बत्ती लागली की लाइन घ्यायची आणि जोडून द्यायची. मूठभर बटणांना मी काय भीक घालते!

काम तसं सोपंच होतं. बटणाच्या पोटात चपटा सेल असतो आणि त्याला अडवून एक प्लास्टिकची पट्टी. पट्टी ओढली की बटण जिवंत होतं. मग ते दाबून धरायचं, फोनवर 'नवीन बटण सापडलं' असं येतं, आपण त्याला नाव द्यायचं. एकदा दाबलं की त्या खोलीतला दिवा, दाबून धरलं की थेट मुलाला फोन. पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर, दार अशी चार लावली. पाचवं जास्तीचं होतं, ते पट्टीसकट खोक्यात ठेवलं आणि खोकं मागच्या खोलीतल्या कपाटात टाकलं.

बाहेर आले तर फोनवर पुन्हा तेच. नवीन बटण सापडलं.

शहाण्या बाईने फोन बंद केला असता. पण पेटलेली लाइन सोडून द्यायची सवयच नाही मला. नाव विचारलं, मी देऊन टाकलं: मागची खोली. तिथेच चुकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी चिरत होते. मागच्या खोलीतला दिवा लागला, विझला. पुन्हा लागला, विझला.

माझ्या हातातली सुरी थांबली. त्या खोलीत माझ्या सासूबाई मरेपर्यंत कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. उशाशी पितळी घंटी असायची. दोन टोले म्हणजे हातातलं टाक आणि ये. भात करपला तरी, ड्यूटी चुकली तरी मी धावत गेले. त्यांनी एकदाही 'बस जरा' म्हटलं नाही.

खोलीत त्यांच्या बामाचा वास भरला होता. कपाट उघडलं, खोकं उघडलं. बटणाची पट्टी जागच्या जागी होती.

"सासूबाई...?"

दिवा दोनदा लुकलुकला. तेवढ्यात मुलाचा फोन.

"आई! मागच्या खोलीतून मदत मागितलीस?"

"हात लागला रे."

"बरी आहेस ना? पुन्हा असं झालं तर मी गाडी घेऊनच येतोय."

घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त संताप आला. जिवंतपणी राबवलंत, आता घरातूनही काढता? ते बटण मी फोनमधून पुसून टाकलं. भाजी फोडणीला पडेपर्यंत ते यादीत परत आलं.

मग मीही हट्टाला पेटले. मागच्या खोलीतला दिवा लावून ठेवला आणि बटणाचा नियमच बदलला. दाबलं तर दिवा विझेल, मुलाला फोन जाणार नाही. सासूबाईंना अंधाराचं भारी भय.

दारात उभी राहून सांगितलं, "बोलवाल तर अंधारात बसाल. धावायची ती मी संपले. आता हे घर माझं आहे."

दिवा जळत राहिला. चांगले आठ-दहा दिवस तो तसाच होता. जिंकले म्हणून मी एकटीच हसले.

आणि एका संध्याकाळी, मी ओट्यापाशी असताना, मुलाचा फोन आला.

"आई, पलंगाजवळचं बटण किती वेळ दाबून धरलंयस! पडलीस का? निघू मी?"

मी फोन कानाला लावून बोळातून गेले. मागची खोली अंधारात होती. माझ्या खोलीतून बामाचा वास येत होता. पलंगावर, माझ्या बाजूला, बटणाजवळ, गादी दबलेली होती. कुणीतरी झोपल्यावर दबते तशी.

"आई...? बोल ना..."

एक शब्द खरा बोलले असते तर घर गेलं असतं. मी पलंगाच्या कडेला बसले.

"अरे, जरा आडवी झाले होते. कूस बदलताना हात लागला. काही येऊ नकोस, मी अगदी ठणठणीत आहे."

फोन ठेवला. आवाज चढवूनच म्हटलं, "सासूबाई, सरका. ही बाजू माझी आहे."

 मग गादीतला तो खळगा हळूहळू भिंतीकडे सरकला.