मागचा डावा स्पीकर

यातला एकही शब्द पदरचा नाही. पूर्णगडचा फारुक अजून हयात आहे, खुशाल जाऊन विचारा.

मे २००५. शुक्रवारची दुपार, नमाज आणि जेवण उरकलेलं.

फारुकने दोह्याहून होम थिएटर आणलं होतं. पाच स्पीकर, एक बोजड वूफर आणि वायरींचा नुसता गुंता. दोन तास तो टीव्हीच्या मागे घुसला होता. चित्र आलं की आवाज जायचा, आवाज आला की नुसती घरघर. माहितीपुस्तक चिनी भाषेत! त्याचं डोकं फिरायचंच बाकी होतं.

त्याची आई मरियम खाटेवर बसली होती. तिच्या हातात एक जुनी कॅसेट.

"लागला काय रे?" तिने दहाव्यांदा विचारलं.

"लागतोय, अम्मी!" तो ओरडला. तिला कमी ऐकू यायचं.

फारुकचे अब्बा मस्कतला असायचे. तेव्हा खुशाली कॅसेटवर यायची. ती ऐकून झाली, की त्याच कॅसेटवर इकडून उत्तर भरायचं आणि जाणाऱ्या माणसाबरोबर परत पाठवायचं. त्यांचं बोलणं त्यात पुसलं जायचं. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटत नसे.

या शेवटच्या कॅसेटवर मरियमने उत्तर भरलं... आणि ती निघण्याआधीच अब्बा गेल्याची खबर आली. दफनही तिथेच झालं.

मरियमचं म्हणणं साधं होतं. तिचं उत्तर छोटं होतं, त्यांचं बोलणं मोठं. म्हणजे शेवटी त्यांचं थोडं उरलंच असणार. घरातला टेप कधीच बिघडला होता, आता कानही चालले होते. तो आवाज एकदा ऐकायचा, बस्स.

फारुकने शेजारच्या नबीलकडून कॅसेटचा डेक मागून आणला आणि होम थिएटरला जोडला. चार स्पीकर लागले. मागचा डावा काही केल्या लागेना. वैतागून त्याने त्याची वायरच उपटली.

टेप सुरू झाली. तरुण मरियम बोलू लागली.

"फारुक पास झाला."

मग ती श्वास घ्यायला थांबली...

"हं."

फारुक दचकला. घरघर असेल म्हणून त्याने पिना पुन्हा दाबल्या.

"कौलं बदलून घेतली."

"बरं केलंस..."

आवाज मागून येत होता. डावीकडून.

वायर तर फारुकच्याच हातात होती.

"तुमी कदी येनार?" टेपवरच्या मरियमने विचारलं.

फारुक मागे वळला.

"आलोय की."

खाटेवर मरियम हसत होती. ऐकायला कानामागे हातसुद्धा धरला नव्हता तिने.

पुढे नुसती कोरी टेप फिरत राहिली. अब्बांचं एक अक्षर उरलं नव्हतं. फारुकने कॅसेट तीनदा मागे नेऊन लावली. टेपवरची मरियम थांबायची तिथे आता फक्त शांतता होती.

तो मागचा डावा स्पीकर उचलायला गेला.

"असूंदे थंय," मरियम म्हणाली.

महिन्याभराने त्याने दोह्याहून फोन केला. सवयीने घसा फाडून बोलायला लागला.

"हळू बोल रे," मरियम म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

 फोनचं कार्ड संपेपर्यंत फारुक नुसता ऐकत राहिला.

आजही सुट्टीत घरी आला, की तो बाहेर ओटीवरच झोपतो.