गंजरोधक लेपाची वही

"वही आईची आहे, अक्षरही तिचंच वाटतं. पण हे पान खोटं आहे," असं म्हणत तिने वही टेबलावर ठेवली.

गुप्तहेराने चष्मा पुसला. त्याचे मित्र, निवृत्त पोस्टमास्तर, पुढे झुकले.

तिची आई रसायनशास्त्रज्ञ. पाण्याच्या नळांना आतून गंज चढू न देणारा लेप तिने घरामागच्या शेडमध्ये अकरा वर्षं खपून शोधला. पेटंट हाती येण्याआधीच, पंधरा दिवसांपूर्वी ती गेली. आता मामांनी लेपावर स्वतःचा हक्क सांगणारा अर्ज करून या पानाची प्रत पेटंट कार्यालयात दिली होती.

तारीख चार वर्षांपूर्वीची होती. 'धाकट्या भावाने सुचवलेले मिश्रण तापवले. सडक्या अंड्यांसारखा वास सुटला, मग निळसर साय धरली. लेप सापडला. श्रेय त्याचे.'

"शेडची किल्ली?"

"मदतनिसाकडे. वीस वर्षं आईसोबत होता. मामांनी त्यालाच फितवलं असणार."

"आई कशी होती?"

"कामात बुडाली की जगाचं भान नसे. सहा वर्षांपूर्वी क्लोरिनची नळी फुटून महिनाभर दवाखान्यात होती, तरी पुन्हा तिथंच! मागं दूध जळून कोळसा झालं, शेजारी धावत आले, आणि ही दोन हातांवर वाचत बसलेली."

शेडमध्ये मदतनीस काचेची नळकांडी पुसत होता. पन्नाशीचा माणूस, बोटांवर आम्लाचे डाग.

"पान तुम्ही लिहिलंत?"

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, साहेब."

"मॅडम काम कशा करायच्या?"

"बाटली उघडली की आधी माझ्या नाकाखाली. 'सांग,' म्हणायच्या. वहीत मात्र स्वतः अनुभवलेलंच. ऐकीव एक अक्षर नाही."

मामा परगावी राहत, वर्षाकाठी एकदा येत. "अक्षर ताईचंच," ते म्हणाले. "वडिलांनी आम्हा दोघांना एकाच पाटीवर गिरवायला शिकवलं. मी ओळखणार नाही?"

"शेडमध्ये कधी गेला होतात?"

"ती गेल्यावर. आवराआवर करायला किल्ली घेतली होती."

बाहेर पडताच पोस्टमास्तर म्हणाले, "मदतनीसच! वीस वर्षं राबला, नाव कुठंच नाही. कुणीही फितेल."

गुप्तहेर दुपारभर वही वाचत बसला. संध्याकाळी त्याने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं.

"नळी फुटेपर्यंतच्या पानापानावर वासाची नोंद आहे. त्यानंतर रंग आहे, तापमान आहे, वजन आहे. वास एकदाही नाही, फक्त या पानावर आहे. जळालेलं दूध त्यांना कळलं नाही. बाटल्या दुसऱ्याच्या नाकाखाली जायच्या. बाईंना सहा वर्षं वास येत नव्हता."

मदतनिसाने मान खाली घातली. "मॅडमनी शपथ घातली होती. नाक गेलेल्या केमिस्टला लोक हसतील, म्हणाल्या."

"म्हणजे यांना माहीत होतं. यांनी पान लिहिलं असतं, तर त्यात वास घातलाच नसता. लेक आईचं श्रेय कशाला घालवेल? उरलं एकाच पाटीवर घडलेलं दुसरं अक्षर. महिनाअखेरी बाई एक पान कोरं सोडत. किल्ली हातात आल्यावर ते तुम्ही भरलंत, मामा."

"पहिलं मिश्रण आम्ही दोघांनी केलं होतं," मामा म्हणाले. "लहानपणी, आईच्या पातेल्यात. पुढं ती एकटीच शास्त्रज्ञ झाली."

"मग तेवढंच खरं लिहून द्यायचं होतं."

मामांनी अर्ज मागे घेतल्याचा कागद तिथंच लिहिला. मदतनिसाने साक्षीदार म्हणून सही केली.

लेकीचं त्या कागदाकडे लक्ष नव्हतं.

"वास गेला की चवही जाते ना?" तिने विचारलं.

"बरीचशी."

"मी काहीही रांधलं तरी ती मुकाट्याने जेवायची. मला वाटायचं, माझ्या हातचं तिला आवडत नाही. मग मी विचारणंच सोडून दिलं."